बंद न होणारं इंजिन

मिस्त्रींचा हुकूम मोडणारं इंजिन अजून जन्माला यायचं होतं. बोटीचं हे जुनं इंजिन मात्र दुपारपासून चाचणीसाठी लावलेल्या पाण्याच्या पिंपात खुशाल धडधडत होतं, आणि बंद करायचं बटण दाबून मिस्त्रींचा अंगठा सुजला होता.

बटणाची तार शाबूत होती. त्यांनी प्लगची वायर उपटली, पेट्रोलची नळी काढली. इंजिन चालूच.

"बस कर की, म्हाताऱ्या," म्हणत त्यांनी हवा घेणाऱ्या तोंडावर तळहात दाबला.

इंजिन थांबलं. तळहाताखाली श्वास मात्र चालूच राहिला, संथ आणि ऊबदार. बायको गेल्यापासून या हाताला कुणाचा श्वास लागला नव्हता. हात काढला तर हाही थांबेल, या भीतीने मिस्त्री तसेच उभे राहिले.

बोटांच्या फटीतून हळूच आवाज आला, "अहो, आधी हात धुऊन या."