हक्कसोडाची साडी

"इथं. आता इथं. अन् शेवटच्या पानावर दोन," म्हणत कृष्णा पानं उलटत गेला आणि प्रेरणा सह्या ठोकत गेली. नोंदणी कचेरीबाहेर लिंबाखाली दस्तलेखकाचं टेबल होतं. वाचत बसायला सवड कुणाला होती? परवा तिचं आयर्लंडचं विमान. त्याआधी बहिणीचं हक्कसोड तेवढं उरकलं, की बिडकीनच्या अलीकडचं साडेतीन एकर वावर एकट्या भावाच्या नावावर होणार होतं. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. आईनं तर आपली सही कधीच देऊन टाकली होती.

हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावानं साडी घ्यायची, ही रीत. कृष्णा काही चिंगूस भाऊ नव्हता. गुलमंडीवरून त्यानं चांगली मोरपंखी पैठणी आणली होती आणि ती पिशवी सकाळपासून पोटाशी धरली होती.

आत टोकन मिळालं एकवीस, आणि चालू होतं चौदा. बाकावर बसून करायचं काय? प्रेरणानं दस्त वाचायला घेतला. पूर्वेस कडुबाकाकांचं शेत, पश्चिमेस नाला, मधे विहीर एक, चिंचेचं झाड एक. सगळं ओळखीचं. तिला हसूच आलं. पान उलटलं आणि हसू गेलं. पुढं लिहिलं होतं, सदर मिळकतीशी लिहून देणार हिचा यापुढे कोणताही संबंध राहिलेला नाही.

तिनं ते दोनदा वाचलं.

"दादा, हे काय लिहिलंय? माझा संबंध नाय?"

"अगं, सगळ्यायच्या दस्तात तसंच राहतं. छापील मजकूर हाय तो." कृष्णानं जांभई दिली. "अन् आता तुझा काय संबंध राहिला, तूच सांग. चार वर्षं झाले. तू तिकडचीच झाली की."

तिकडची! प्रेरणाच्या डोक्यात सणक गेली. तिकडं विमानतळावर काचेआडचा माणूस विचारायचा, किती दिवस राहणार? आणि इकडं आल्यापासून गल्लीतली एकूण एक बाई तेच विचारत होती, किती दिवस हायेस? दोन्हीकडं पाव्हणीच. आयर्लंडात लिमरिकच्या दवाखान्यात ती नर्स होती. वॉर्डातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, तू कुठली गं पोरी? तेव्हा नुसतं इंडिया म्हणून ती मोकळी व्हायची नाही. बिडकीनची, म्हणायची. एका म्हातारीकडून तर तिनं तीन दिवस ते नाव घोटून घेतलं होतं. आता जाऊन त्या म्हातारीला काय सांगायचं? की विसरा आजी, माझा तिथं काही संबंध राहिला नाही?

"टोकन एकवीस!"

टेबलामागच्या अधिकारी बाईंची नजर पडद्यावरून हलली नाही. कॅमेऱ्यात बघा, म्हणाल्या. इथं अंगठा ठेवा, म्हणाल्या. मग विचारलं, "दस्त वाचला? कबूल आहे?"

हा प्रश्न बाई दिवसातून चाळीस वेळा विचारायच्या आणि चाळीस वेळा 'हो' ऐकायच्या. उत्तराआधीच त्यांचं बोट बटणाकडं निघालं होतं.

"वाचला," प्रेरणा म्हणाली. "कबूल नाय."

बोट थांबलं. "काय म्हणालात?"

"कबूल नाही, मॅडम."

"सह्या तुमच्याच आहेत ना?"

"माझ्याच. वाचायच्या आधीच्या."

"येडी झाली का तू?" कृष्णा मागून ओरडला. बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं, चष्मा काढला आणि प्रेरणाकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग कागद परत सरकवला. "त्या नाही म्हणाल्या. आमचं काम संपलं. पुढचे या."

बाहेर लिंबाखाली येईपर्यंत कृष्णानं कसाबसा दम धरला होता. तिथं त्याचा बांध फुटला. "भावकीत तोंड दाखवायला जागा नाय ठेवली! उन्हातान्हात राबलो मी. अन् तू काय, वावर डोक्यावर घेऊन जाणार हायेस का आयर्लंडला?"

"वावर तिथंच राहू दे. तू राबला, तूच कर. कापूस तुझा, मका तुझी, मला एक कणीस बी नको. पण सात-बाऱ्यावर माझं नाव राहील. मग मी वर्षानं येवो, नाय तर दहा वर्षांनी."

"नुसत्या नावाला काय चाटायचंय?"

"मग तुला तरी कशाला पुसायचंय?"

कृष्णानं रागारागानं पिशवी हँडलला अडकवली आणि गाडीला किक मारली. गाडीही पहिल्या किकला काही चालू झाली नाही.

प्रेरणानं हात पुढं केला. "साडी दे."

"कसली साडी? हक्क सोडला का तू?"

"साडी हक्कसोडाची आणली होती का बहिणीला आणली होती, तेवढं सांग."

टेबलाशी बसलेल्या दस्तलेखकाचं पेन थांबलं. चहा पिणारे दोघं साक्षीदार पेला तोंडाला लावायचे राहिले. एवढ्या लोकांत आता काय सांगायचं माणसानं? कृष्णानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि पिशवी काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती पोटाशी धरली आणि पाय टाकून त्याच्यामागं बसली.

"चल. आई जेवायची थांबली असंल," ती म्हणाली. "अन् वावराकडनं घे."