लाल रेक्झिन

आमच्या ह्यांनी सहा वर्षं खपून गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी बांधली. सुटे भाग खोक्यांतून आले. रूप मात्र जुन्या जमान्याचं, बिनटपाचं, दोनच माणसांपुरतं. सीटची कव्हरं मी शिवली, लाल रेक्झिनची. उरलेल्या तुकड्याची पर्स केली. वाया कशाला घालवायचं?

पहिल्या फेरीआधी सीटवर कुणीही टेकायचं नाही, असा ह्यांचा दंडक होता.

आज दुपारी ती फेरी होती. पर्स काखेत मारून मी गाडीपाशी गेले, तर ड्रायव्हरची सीट कोमट लागली. चिकटही. फडकं फिरवलं तर त्यावर पिवळट, तेलकट थर आला, त्याला न धुतलेल्या मानेचा वास.

"बसला होतात ना? आंघोळ तरी करून बसायचं!"

"शप्पथ, टेकलोसुद्धा नाही. तुझ्याच हाताचा घाम असेल."

म्हणे माझा घाम! मी पुन्हा खसाखसा पुसलं. तेव्हा शिवणीजवळ एक केस दिसला, आखूड आणि राठ. ओढला तर निघेना. बुडाशी रेक्झिनच वर ताणलं गेलं.

"शिवताना तुझाच अडकला असेल," म्हणत ह्यांनी चिमटा आणला. माझे केस कमरेपर्यंत आहेत.

त्यांनी केस उपटला.

सीट शहारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेक्झिनवर बारीक काटा फुलला.

आणि माझ्या काखेतल्या पर्सने अंग चोरलं.