एकच खाट

रविवार, दिनांक नऊ नोव्हेंबर, सकाळी दहा, डमडम, कोलकाता.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून जयप्रकाशराव दिवसभर दोन खोल्यांच्या घरातच असत आणि चहात आले किती घालावे येथपासून विनीताबाईंना दुरुस्त करीत. आज पत्नीची पर्स नीट लावताना त्यांना संदकफूच्या डोंगरावरील ट्रेकर्स हटमधल्या एका रात्रीच्या मुक्कामाची पावती सापडली. तीत खाट एकच होती.

“वेंधळी ती वेंधळीच! माझी खाट राहिली की!” असे म्हणत त्यांनी तेथील व्यवस्थापकाला फोन करून दुसरी खाट मिळवली आणि औषधांपासून मोज्यांपर्यंत दोघांची यादी केली.

विनीताबाईंनी ती यादी शेवटपर्यंत वाचली.



“अहो, मग तुम्हीच जाऊन या. मला एक रात्र एकटीला राहायचं होतं; ते इथेही जमेल.”