ओपलच्या आईचा फोन

केंटकीच्या डोंगरातल्या एका शाळेत कॅरलीन ऑफिसातले फोन घ्यायची. पुढचं शिक्षण शालेय समुपदेशनाचं घ्यावं की समाजकार्याचं, हे तिचं काही केल्या ठरत नव्हतं.

"समुपदेशनच घे," शाळेच्या समुपदेशक स्टॅम्परबाई म्हणायच्या. "मुलं आपल्या खोलीत येतात. समाजकार्यासारखं कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं लागत नाही."

त्या आठवड्यात तिसरीतली ओपल शाळेत आलीच नाही. रोज सकाळी तिच्या आईचा फोन यायचा, "ओपलला ताप आहे हो, आज येणार नाही." आवाज दमलेला, पण मायाळू.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर कॅरलीन बीन्सचं सूप घेऊन ओपलच्या घरी गेली. दार ओपलनंच उघडलं. ती चांगली ठणठणीत होती. आतून कसलासा गोडसर, कुबट वास आला.

"आई कुठंय गं?"

"झोपलीये. सोमवारपासून उठलीच नाही."

"अगं, आज सकाळी तर बोलली माझ्याशी!"

ओपलनं दार आणखी उघडलं. मग तिच्या तोंडून फोनवरचा तोच दमलेला, मायाळू आवाज आला, "या ना आत. घरात पसारा पडलाय, मनावर घेऊ नका हं."

कॅरलीन आत गेली. काय शिकायचं, हे त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही; समाजकार्याचा अर्ज भरून टाकला.