सुट्टीतला घास

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि स्वराच्या घशाखाली घास उतरेना. तिच्या आईने, मोनालीने, भाकरीवर ठेचा घालून दिला; पोरीने चावला आणि थुंकून टाकला. शाळेच्या आरोग्य योजनेत सगळ्या मुलांना सकस खाण्याची सवय लावणारं इंजेक्शन दिलं होतं. ताटात डाळ, भाजी, फळ नसेल तर घसा घास आत घेतच नाही. शाळेत ते सगळं रोज मिळायचं; घरी भाकरी-ठेच्यापलीकडे काही परवडत नव्हतं.

मोनालीने योजनेच्या हेल्पलाइनला फोन लावून सगळं सांगितलं.

"अभिनंदन, ताई! सवय पक्की झालीय," पलीकडची बाई म्हणाली.

"यावर काही उतारा?"

"चांगल्या सवयीवर उतारा कशाला? रोज एक फळ द्या की."

मोनालीने फोन ठेवला. स्वरा पुन्हा भाकरी चावत होती.

"घास गिळलास का गं?"

स्वराने हसून मान डोलावली. गाल मात्र फुगलेलाच होता.