तीस पावलांची तपासणी

विमानाने ऐकलं नाही. दीनानाथांनी रिमोटवर वेग कमी केला, तरी ते सुसाटच निघालं. मैदान संपलं, मोहरीचं शेत सुरू झालं. तिथे बांधावर गावातली चार माणसं उकिडवी बसून तमाशा बघत होती. उजव्या हाताने त्यांनी विमान वर खेचलं, एक मोठी गिरकी घालून माघारी आणलं, तेव्हा कुठे मोटार मंदावली आणि ते धाडकन गवतात टेकलं.

"टेकलं ना एकदाचं? चला आता घरी," खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नी नीलाताई म्हणाल्या.

"घरी? असं कसं? आधी का ऐकलं नाही ते बघू दे."

रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. तोंड पोळायची वाट न बघता ताक फुंकून पिणारा. दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत लिफ्टने जरा वेगळा आवाज केला, की हे सात मजले जिन्याने उतरणार आणि बायकोलाही उतरवणार. सोसायटीपासून विमानतळ हाकेच्या अंतरावर, म्हणून घराजवळ रिमोटचं विमान उडवायचं नाव नाही. त्यासाठी दर रविवारी नजफगढच्या पुढच्या या पडीक रानात यायचं. इथे बाकीच्या हौशी मंडळींची दोन-तीन विमानं दर हिवाळ्यात फुटायची. दीनानाथांचं अकरा वर्षांत एकही नाही. विमान पडण्याआधी सांगतं, असं ते म्हणायचे. ऐकणारा हवा.

आज तर ते सकाळपासून सांगत होतं. उडायच्या आधी जमिनीवर वळवताना शेपटीचं सुकाणू आळसावलं होतं. मग हा वेग. रिमोटच्या डाव्या दांडीवरच्या या दोन्ही गोष्टी. तीन किलोचं धूड कुणाच्या डोक्यात पडलं असतं तर?

सव्वानऊला त्यांनी पेटी उघडली. रिमोटची बॅटरी बदलली. विमानाची बदलली. मग विमानाच्या पोटातला रिसीव्हर काढून नवा बसवला. थंडीने बोटं आखडली होती. स्क्रू दोनदा गवतात पडला, दोन्ही वेळा नीलाताईंनी शोधून दिला.

"राहू द्या ना हो. चेहरा किती ओढलाय तुमचा."

"तपासल्याशिवाय पेटीत नाही ठेवायचं. धर शेपटीपाशी."

ही तपासणी नीलाताईंना पाठ होती. रिमोटची ताकद कमी करायची, तीस पावलं दूर जायचं, विमानाकडे पाठ करून उभं राहायचं आणि दांडी हलवायची. सुकाणू हललं की नाही ते धरणाऱ्याने ओरडून सांगायचं. पाठ का करायची? तर माणसाच्या डोळ्याला जे हवं तेच दिसतं. करणारा वेगळा, बघणारा वेगळा, हा सिग्नल खात्यातला शिरस्ता दीनानाथांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता.

"डावीकडे!" ते तीस पावलांवरून ओरडले.

"नाही!"

"उजवीकडे!"

"नाही!"

ते पाठमोरेच दहा पावलं मागे आले. नाही. आणखी दहा. नाही. शेवटी विमान त्यांच्या टाचेपाशी आलं, तरी नीलाताईंचं आपलं नाहीच. दीनानाथांना भीतीही वाटली आणि, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. बिघाड जमिनीवरच सापडला होता.

पलीकडे आपलं विमान जोडत बसलेले हरीशजी आवाज ऐकून आले. गुडगावात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांनी रिमोट घेतला, डावी दांडी हलवली. सुकाणू झटक्यात डावीकडे वळलं, झटक्यात उजवीकडे.

"अंकल, ये तो बिल्कुल ठीक है!"

"कभी चलता है, कभी नहीं," दीनानाथ चिडून म्हणाले. "यही सबसे खतरनाक होता है." त्यांनी रिमोट हिसकावून घेतला आणि पुन्हा पाठ केली. "नीला, बघ. डावीकडे!"

"नाही."

"नीट बघ! पूर्ण दाबलंय मी!"

घड्याळात दहा वाजत आले होते. नीलाताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. विमान तसंच गवतात सोडून त्या वळसा घालून नवऱ्याच्या समोर आल्या. अकरा वर्षांत तपासणी चालू असताना त्या अशा समोर कधीच आल्या नव्हत्या. दीनानाथ रागावून काही बोलणार, तोच त्यांची नजर बायकोच्या तोंडाकडे गेली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

"दाबा बरं," त्या हळूच म्हणाल्या.

"दाबलंय की!"

नीलाताई गर्रकन वळल्या. चाळीस वर्षं दिल्लीत राहून परक्या माणसाशी कधी मराठीचं अक्षर न काढणारी ती बाई मराठीतच किंचाळली, "हरीशजी, गाडी काढा! आत्ताच्या आत्ता! हॉस्पिटल!"

हरीशजी धावत सुटले.

"हॉस्पिटल? कुणाला काय झालंय?" दीनानाथ पुरते गोंधळले. "विमान बिघडलंय, नीला!"

नीलाताईंनी त्यांचा डावा हात रिमोटवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"विमान धडधाकट आहे हो," त्या म्हणाल्या. "तुमचा अंगठा हलत नाहीये."