दहावी विहीर

जमिनीखालचं पाणी कधीही खोटं बोलत नाही, असं भूजलतज्ज्ञ गुन्वोर सभांमध्ये गंभीरपणे सांगत असे. स्वीडनच्या गोटलांड बेटावरच्या त्या गावात पाण्याच्या वतीने बोलायला मात्र नऊच विहिरी होत्या. मधली सगळी जागा तिने आपल्या नकाशावर गणिताने भरून काढली. नकाशावरचा निळा रंग शेतांखालून, मेंढ्यांखालून, चर्चखालून झोपेसारखा पसरत गेला आणि पाहता पाहता तीही त्यात तरंगू लागली. जुन्या नोंदीतली दहावी विहीर, म्हाताऱ्या टोर्स्टेनची, तिने पडताळ्यासाठी मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवली होती. नकाशाप्रमाणे तिथे पाणी खरंच चौदा मीटरवर असेल, तर बोअरचं यंत्र येणार होतं. नाहीतर गावाला आणखी एक उन्हाळा टँकर.

"टोर्स्टेनकाका, तुमच्या विहिरीत पाणी किती खोल आहे?" तिने त्याच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं.

त्याने फ्रिजकडे एक नजर टाकली. "चौदा मीटर."

"अगदी चौदा?"

"चौदा म्हणजे चौदा. कॉफी घे, निवतेय."

गुन्वोरने तिथूनच फोन करून यंत्र मागवलं. खिडकीबाहेरचं कुरणसुद्धा आता तिला निळसर दिसत होतं. "चला काका, विहीर दाखवा. तिचे आभार मानते."

"विहीर? अगं, ती बुजवून चाळीस वर्षं झाली. वर वाफेच्या अंघोळीचा सौना बांधलाय."

"मग चौदा कुठून आणलंत?"

टोर्स्टेनने बोट दाखवलं. नगरपालिकेने घरोघर वाटलेला तिचाच नकाशा फ्रिजवर लावलेला होता.